डेर्या यानिक यांच्या हाती नेमके काय होते?

तुर्कस्तानात सरकारचे मोठे निर्णय पुष्कळदा मध्यरात्र उलटल्यावर राजपत्रातून कळतात. २० मार्च २०२१ च्या राजपत्रात राष्ट्राध्यक्षांचा ३७१८ क्रमांकाचा निर्णय छापून आला आणि स्त्रियांवरील हिंसाचाराला आळा घालण्यासाठी झालेल्या इस्तंबूल करारातून देश बाहेर पडत असल्याचे लोकांना सकाळी समजले. त्यानंतर महिन्याभरातच, २१ एप्रिलच्या राजपत्रात, मंत्रिमंडळातील फेरबदल आला. जेहरा झुम्रुत सेल्चुक यांच्याकडे असलेल्या कुटुंब, कामगार आणि समाजसेवा मंत्रालयाचे दोन भाग करण्यात आले. कामगार खाते वेदात बिल्गिन यांना मिळाले आणि कुटुंब व समाजसेवा खात्याच्या मंत्री म्हणून डेर्या यानिक या वकील महिलेची नेमणूक झाली. त्याच राजपत्राने व्यापारमंत्री रुहसार पेक्जान यांनाही पदावरून दूर केले. आदल्या दिवसापर्यंत मंत्रिमंडळात दोन स्त्रिया होत्या. आता मंत्रालयांची संख्या सोळावरून सतरा झाली होती आणि स्त्री मंत्री एकच उरली होती.

यानिक यांची कारकीर्द चार वाक्यांत सांगता येते. १९७२ साली दक्षिण तुर्कस्तानातील ओस्मानिये येथे जन्म, इस्तंबूल विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेतून पदवी आणि त्याच शहरात वकिली. २००१ साली स्थापन झालेल्या न्याय व विकास पक्षाची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष रजब तय्यिप एर्दोगान यांच्या पक्षाची, इस्तंबूल शाखा ज्यांनी उभी केली त्यांत त्या होत्या आणि पुढे महानगरपालिकेच्या सभागृहातही त्या बसल्या. एप्रिल २०२१ ते जून २०२३ अशी दोन वर्षांहून थोडी अधिक त्या मंत्री होत्या. २०२३ मध्ये ओस्मानियेतून त्या खासदार झाल्या. एवढे वाचून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण खरा प्रश्न निराळा आहे. आयुष्य कायद्यात घालवलेली स्त्री मंत्री होते तेव्हा कायदा घडवण्यात तिचा वाटा किती असतो? तुर्कस्तानापुरते याचे उत्तर वाटते त्याहून गुंतागुंतीचे आहे, आणि ते समजून घ्यायचे तर आधी तिथले मंत्रिपद ही काय चीज आहे ते पाहावे लागते.

मंत्री असतो, पण संसदेत नसतो

आपल्याकडे मंत्री व्हायचे तर विधिमंडळाचे किंवा संसदेचे सदस्यत्व लागते. सदस्य नसलेल्या व्यक्तीला मंत्री केले, तर तिला सहा महिन्यांच्या आत सदस्य व्हावे लागते. तुर्कस्तानातही २०१८ पर्यंत रचना संसदीयच होती. पंतप्रधान होता, मंत्रिमंडळ संसदेला उत्तरदायी होते, विश्वासदर्शक ठराव होत असे आणि एखाद्या मंत्र्यावर अविश्वास ठराव आणून त्याला घरी पाठवण्याची तरतूदही होती. १६ एप्रिल २०१७ च्या सार्वमतात सुमारे ५१.४ टक्के मतदारांनी घटनादुरुस्तीला होकार दिला आणि २४ जून २०१८ च्या निवडणुकीपासून देशात राष्ट्राध्यक्षीय पद्धत लागू झाली. पंतप्रधानपद संपले. मंत्र्यांची नेमणूक आणि बडतर्फी हा एकट्या राष्ट्राध्यक्षांचा अधिकार झाला. खासदाराला मंत्री केले, तर त्याची खासदारकी आपोआप जाते. मंत्र्याचे उत्तरदायित्व राष्ट्राध्यक्षांशी असते. संसदेपुढे तो शपथ घेतो आणि खासदारांच्या लेखी प्रश्नांना पंधरा दिवसांत उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, परंतु संसदेला अविश्वास ठराव आणून त्याला हटवता येत नाही. त्याच्यावर गुन्ह्याचा ठपका ठेवून चौकशी सुरू करायची, तर ६०० पैकी ३६० खासदार लागतात. खटल्यासाठी सर्वोच्च न्यायासनाकडे पाठवायचे, तर ४०० लागतात.

यापेक्षाही महत्त्वाचा बदल सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. जुन्या पद्धतीत कायद्याचे विधेयक मंत्रिमंडळही मांडू शकत असे आणि खासदारही. दुरुस्त घटनेनुसार, अर्थसंकल्प वगळता, हा अधिकार फक्त खासदारांना आहे. मंत्र्याच्या खात्यात मसुदा तयार होतो, अधिकारी त्यावर रात्री जागवतात, पण त्याखाली सही खासदाराची पडते आणि मंत्र्याच्या नावाने ते विधेयक कधीच सभागृहात येत नाही. एका वकिलाला मंत्री केले म्हणून आनंद मानणाऱ्यांनी, आणि तिला सगळ्या कायद्यांसाठी जबाबदार धरणाऱ्यांनीही, ही गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

त्यांच्या आधीच्या

कायदा शिकलेल्या स्त्रियांची तुर्कस्तानातील वाट जवळपास प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. १९२१ साली सुरेय्या आगाओग्लू या तरुणीने इस्तंबूलच्या विद्यापीठात कायद्याच्या वर्गात प्रवेश मागितला, तेव्हा एकटीसाठी वर्ग काढता येणार नाही म्हणून तिला मैत्रिणी गोळा कराव्या लागल्या. पदवीनंतर ती अंकाराच्या न्याय मंत्रालयात उमेदवारी करू लागली. नव्या राजधानीत दुपारी जेवायला जाण्याजोगे एकच बरे ठिकाण होते, ते म्हणजे इस्तंबूल लोकांतासी हे भोजनगृह. तिथे बाई जाऊन बसते याची गावभर चर्चा झाली आणि तक्रार थेट वडिलांपर्यंत पोहोचली. हे प्रजासत्ताकाचे संस्थापक केमाल अतातुर्क यांच्या कानावर गेल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला स्वतः जेवायला नेले आणि उद्यापासून ती पुन्हा तिथेच जेवेल असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, अशी आठवण तिने पुढे नोंदवून ठेवली. १९२० चे दशक संपण्याआधी ती अंकारा वकील संघटनेत दाखल झाली. देशातील पहिली स्त्री वकील म्हणून आजही तिचेच नाव घेतले जाते.

मंत्रिपदापर्यंत पोहोचायला मात्र पुढची चार दशके गेली. स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभे राहण्याचा अधिकार १९३४ साली मिळाला होता, तरी पहिली स्त्री मंत्री झाली ती १९७१ साली. त्या तुर्कान अक्योल, पेशाने डॉक्टर, आणि त्यांना मिळाले आरोग्य खाते. कायद्याच्या क्षेत्रातून आलेल्या स्त्रीला न्याय खाते मिळण्याचा प्रसंग २००२ मध्ये एकदा आला, आणि त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. तत्कालीन घटनेच्या ११४ व्या कलमानुसार सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी न्याय, गृह आणि दळणवळण या तीन खात्यांच्या मंत्र्यांना पायउतार व्हावे लागे आणि त्या जागी अपक्ष व्यक्ती नेमल्या जात. पोलीस, न्यायालये आणि दळणवळणाची साधने निवडणुकीच्या काळात सत्ताधाऱ्यांच्या मुठीत राहू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. या तरतुदीमुळे ऑगस्ट २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याच्या प्राध्यापक आयसेल चेलिकेल न्यायमंत्री झाल्या. ३ नोव्हेंबरला मतदान झाले आणि त्याच महिन्यात नवे सरकार आले. म्हणजे देशाच्या पहिल्या स्त्री न्यायमंत्र्याची कारकीर्द साडेतीन महिन्यांची, तीही पक्षाने निवडल्यामुळे नव्हे, तर पक्षाचा माणूस तिथे चालत नव्हता म्हणून! यानिक यांच्या काळापर्यंत पुन्हा दुसरी स्त्री त्या खुर्चीवर बसली नाही.

एर्दोगान यांच्या पक्षाने वकील स्त्रियांना मंत्री केलेच नाही, असे मात्र नाही. ग्युल्दाल आक्शित २००२ मध्ये पर्यटनमंत्री झाल्या आणि नंतर स्त्रिया व कुटुंब यांची जबाबदारी असलेल्या राज्यमंत्री झाल्या. २००५ साली ती जबाबदारी निमेत चुबुकचू या दुसऱ्या वकील महिलेकडे गेली. २००९ मध्ये चुबुकचू देशाच्या पहिल्या स्त्री शिक्षणमंत्री झाल्या. या दोघींचा काळ कायद्याच्या दृष्टीने सुगीचा होता. युरोपीय संघात प्रवेशाची आशा जिवंत होती आणि स्त्री संघटनांचा रेटा जोरदार होता. २००४ मध्ये स्त्री-पुरुषांचे हक्क समान आहेत आणि ही समता प्रत्यक्षात आणण्याचे दायित्व राज्यावर आहे, हे वाक्य घटनेच्या दहाव्या कलमात आले. त्याच वर्षी नवी दंडसंहिता मंजूर झाली. लैंगिक गुन्हे तोवर 'सार्वजनिक नीतिमत्ता आणि कुटुंबव्यवस्थेविरुद्धचे गुन्हे' या प्रकरणात मोडत, ते आता व्यक्तीविरुद्धचे गुन्हे ठरले आणि पीडितेशी लग्न करून बलात्काऱ्याची सुटका होण्याची वाट बंद झाली. आक्शित आणि चुबुकचू या निवडून आलेल्या खासदार होत्या. त्यांचे मंत्रिमंडळ विधेयक मांडू शकत होते. यानिक यांना जे खाते मिळाले ते वारसाहक्काने यांचेच, परंतु तोपर्यंत त्याचे स्वरूप आणि ताकद दोन्ही बदलली होती. २०११ मध्ये त्या खात्याचे पूर्ण मंत्रालय झाले तेव्हाच 'स्त्री' हा शब्द त्याच्या नावातून गळाला आणि 'कुटुंब' राहिले, यावर स्त्री संघटनांनी तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

करार कुठून आला आणि कसा गेला

यानिक यांच्या कारकिर्दीवर ज्या कराराची सावली पडली, त्याच्या मुळाशी तुर्कस्तानातलेच एक प्रकरण आहे. दियारबाकिर शहरातील एका स्त्रीला आणि तिच्या आईला त्या स्त्रीचा नवरा वर्षानुवर्षे मारहाण करत होता. दोघी तक्रार करत, धमक्या आल्यावर ती मागे घेत आणि तक्रार मागे घेतली म्हणून सरकारी वकील प्रकरण मिटवत. एकदा त्याने बायकोला चाकूने सात वेळा भोसकले. न्यायालयाने त्याला दंड केला आणि तो आठ हप्त्यांत भरण्याची सवलत दिली. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, आईने गाव सोडायचे ठरवले. सामानाच्या गाडीतून निघालेल्या त्या बाईला जावयाने वाटेत गाडी थांबवून गोळी घातली. ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ जून २००९ रोजी निकाल दिला. घरातील हिंसाचारापासून स्त्रीचे रक्षण करण्यात राज्य कमी पडले, तर तो लिंगभेदच ठरतो, असे त्या न्यायालयाने या निकालात पहिल्यांदा म्हटले.

युरोप परिषदेचा करार ११ मे २०११ रोजी इस्तंबूलमध्ये सह्यांसाठी खुला झाला, म्हणून त्याला त्या शहराचे नाव मिळाले. त्याला मान्यता देणारा पहिला देश तुर्कस्तानच होता. संसदेने २४ नोव्हेंबर २०११ रोजी, विरोधात एकही मत न पडता, ६२५१ क्रमांकाच्या कायद्याने त्याला संमती दिली. ८ मार्च २०१२ रोजी त्याच्या अनुषंगाने ६२८४ क्रमांकाचा संरक्षण कायदा झाला. करारावर सही झाली तेव्हाही एर्दोगान यांचाच पक्ष सत्तेवर होता आणि एर्दोगान पंतप्रधान होते. दहा वर्षांनी त्यांच्याच सहीने देश बाहेर पडला. काही गटांनी समलैंगिकतेला सर्वमान्य करण्यासाठी हा करार वापरला, असे कारण सरकारने दिले.

आता कायद्याचा पेच असा. जी गोष्ट संसदेने कायदा करून स्वीकारली, ती राष्ट्राध्यक्षांना एका निर्णयाने सोडता येते का? सरकारचे म्हणणे असे की संसद फक्त मान्यतेला संमती देते, मान्यता देण्याचे आणि ती मागे घेण्याचे काम कार्यकारी सत्तेचे आहे आणि २०१८ च्या नवव्या राष्ट्राध्यक्षीय अध्यादेशात तसे स्पष्ट लिहिले आहे. विरोधकांचे म्हणणे असे की ज्या दाराने आत आलो त्याच दाराने बाहेर गेले पाहिजे. शिवाय घटनेच्या ९० व्या कलमानुसार मूलभूत हक्कांबाबतचे आंतरराष्ट्रीय करार देशांतर्गत कायद्यापेक्षा वरचढ असतात आणि मूलभूत हक्कांचा विषय अध्यादेशाने हाताळण्यास घटनेतच मनाई आहे. वकील संघटना, स्त्री संघटना आणि विरोधी पक्ष यांनी दानिश्ताय या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात दावे दाखल केले. २८ एप्रिल २०२२ च्या सुनावणीला देशभरातून आलेल्या वकील स्त्रियांनी सभागृह भरून गेले होते. त्या न्यायालयाच्या सरकारी अभियोक्त्याचे मतही निर्णय रद्द व्हावा असेच होते. तरीही १९ जुलै २०२२ रोजी दहाव्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी दावे फेटाळले.

यानिक यांची अडचण आणि भूमिका दोन्ही इथे दिसतात. बाहेर पडण्याचा निर्णय त्या येण्यापूर्वीचा आहे, पण तो लागू झाला १ जुलै २०२१ रोजी, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीत. त्याच दिवशी त्यांच्या मंत्रालयाने तयार केलेला स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा चौथा राष्ट्रीय कृती आराखडा राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केला. करार गेला तरी लढा संपलेला नाही, आपले देशी कायदे पुरेसे आहेत, ही मांडणी त्या सातत्याने करत राहिल्या. काळा झगा घालून दानिश्तायच्या सभागृहात बसलेल्या त्यांच्याच पेशातील स्त्रियांचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. देशी कायदा पुरेसा आहे हे मान्य केले, तरी तो नीट पाळला जात नसेल तेव्हा राज्याला बाहेरून जाब विचारणारी तज्ज्ञांची यंत्रणा या करारात होती आणि ती गेली. माझ्या मते वादाचा खरा मुद्दा हाच आहे. कायद्यात शिक्षा आहे की नाही, हा त्यापुढे दुय्यम ठरतो.

मंत्रालयाच्या हातातले काम

६२८४ चा कायदा मात्र शाबूत राहिला आणि तो राबवण्याचा मोठा भाग यानिक यांच्या मंत्रालयाकडे होता. हा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. धोका वाटणारी स्त्री पोलीस ठाण्यात, सरकारी वकिलाकडे, कौटुंबिक न्यायालयात किंवा तालुक्याच्या प्रशासकाकडे जाऊ शकते. संरक्षणाचा आदेश देण्यासाठी पुरावा किंवा कागदपत्र मागता येत नाही. न्यायाधीशाची वाट पाहणे धोक्याचे असेल, तर पोलीस अधिकारीही काही आदेश तात्पुरते देऊ शकतो. नवऱ्याला घराबाहेर काढणे, जवळ येण्यास मनाई करणे, शस्त्र जमा करायला लावणे हे या कायद्याखालील आदेशांत येते. आदेश पहिल्या वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी असतो. तो मोडला तर तीन ते दहा दिवसांची कैद होते, पुन्हा मोडला तर पंधरा ते तीस दिवसांची. स्त्रीला आश्रयगृहात ठेवणे, हिंसाचार प्रतिबंध व देखरेख केंद्रे चालवणे, १८३ ही मदतवाहिनी सांभाळणे ही कामे कुटुंब मंत्रालयाची आहेत. या कायद्याने मंत्रालयाला आणखी एक हत्यार दिले आहे. स्त्री किंवा मुलावरील हिंसाचाराच्या फौजदारी खटल्यात मंत्रालय स्वतः पक्षकार म्हणून सामील होऊ शकते. मंत्रालयाचे वकील न्यायालयात पीडितेच्या बाजूला उभे राहतात. वकील असलेल्या मंत्र्याची जाण जिथे थेट कामी यावी, अशी ही जागा.

कायदा बदलण्याचा एक मोठा प्रसंगही या कारकिर्दीत आला. तुर्कस्तानात 'टाय घातल्याची सवलत' असा एक कडवट शब्दप्रयोग रूढ आहे. बायकोच्या खुनाचा आरोपी सूट-टाय घालून न्यायालयात येतो, मान खाली घालून उभा राहतो, पश्चात्ताप झाल्याचे सांगतो आणि चांगल्या वर्तनाबद्दल न्यायाधीश शिक्षेत सूट देतात, अशा अनेक निकालांवरून हा शब्द पडला. मे २०२२ मध्ये संसदेने ७४०६ क्रमांकाचा दुरुस्ती कायदा केला. न्यायालयावर छाप पाडण्यासाठी केलेले दिखाऊ वर्तन शिक्षा कमी करण्याचे कारण मानता येणार नाही, असे त्याने ठरवले. स्त्रीच्या हेतुपुरस्सर हत्येला वाढीव कडक जन्मठेपेची तरतूद झाली. सतत पाठलाग करणे हा पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा ठरला. याचे श्रेय यानिक यांना द्यायचे का? त्यांच्या मंत्रालयाने पाठपुरावा केला असेल, त्यांनी जाहीर समर्थन केले, पण दंडसंहिता हे न्याय मंत्रालयाचे क्षेत्र आणि विधेयक होते खासदारांचे. वकील संघटनांपैकी अनेकांचा आक्षेप असा होता की शिक्षा वाढवून उपयोग नाही, आधीच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या यंत्रणेला जाब विचारला पाहिजे. दियारबाकिरच्या प्रकरणात दंडाचे आठ हप्ते ज्या न्यायालयाने पाडून दिले, त्याच्याकडे कायदा नव्हता असे नाही, हे आठवले की या आक्षेपातले वजन कळते.

कारकिर्दीच्या अखेरीस कायद्याहून वेगळीच परीक्षा आली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या दोन भूकंपांनी दक्षिण तुर्कस्तानातील अकरा प्रांत उद्ध्वस्त केले आणि एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक माणसे गेली. त्या अकरा प्रांतांत यानिक यांचे ओस्मानियेही होते. ढिगाऱ्यातून काढलेल्या मुलांची ओळख पटवणे, त्यांना नातेवाइकांच्या ताब्यात देणे आणि कोणी न उरलेल्या मुलांची सोय करणे ही जबाबदारी कुटुंब मंत्रालयाची होती. शुद्धीवर नसलेले किंवा बोलताही न येणारे मूल कोणाच्या हाती द्यायचे हा नाजूक निर्णय असतो, कारण 'मी याचा मामा' असे म्हणणाऱ्याची खातरजमा केल्याशिवाय मूल सोपवता येत नाही आणि खातरजमेची कागदपत्रे तर घराबरोबरच गाडली गेलेली.

तीन महिन्यांनी, १४ मे २०२३ रोजी, सार्वत्रिक निवडणूक झाली. एर्दोगान यांनी आरोग्यमंत्री आणि संस्कृती-पर्यटनमंत्री सोडून आपल्या जवळपास सगळ्या मंत्र्यांना संसदेच्या उमेदवाऱ्या दिल्या आणि यानिक यांना ओस्मानियेतून उभे केले. त्या निवडून आल्या. जूनच्या आरंभी नवे मंत्रिमंडळ जाहीर झाले तेव्हा कुटुंब खाते माहिनूर ओझदेमिर गोकताश यांच्याकडे गेले, आणि या वेळीही मंत्रिमंडळात स्त्री एकच होती, खातेही तेच. यानिक संसदेच्या मानवी हक्क चौकशी समितीच्या अध्यक्ष झाल्या. नागरिकांच्या तक्रारी तपासणे आणि तुरुंगांना भेटी देणे अशी कामे ही समिती करते. मंत्रिपद गेल्यावर सरकारी गाडी, खाते आणि राजपत्रातली जागा गेली. विधेयकावर सही करण्याचा अधिकार मात्र त्यांना पहिल्यांदा मिळाला तो मंत्री नसताना.